मजुरीतली बिअर

१. ही बिअर चैनीची नव्हे, रोजच्या जेवणातली. प्राचीन इजिप्तमध्ये मजुरी मुख्यतः धान्य, भाकरी आणि बिअर यांत चुकती होई. ती जवाची किंवा खपली गव्हाची. हॉप्सचा पत्ताच नव्हता. भाकऱ्या कुस्करून ती आंबवीत, असे जुनी पुस्तके ठासून सांगतात. पण मडक्यांत वाळलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली तपासून डेल्वेन सॅम्युएल यांनी १९९६ मध्ये दाखवले, की मोड आणलेले कच्चे धान्य आणि शिजवलेले धान्य एकत्र करून ती केली जाई. वाइन मुख्यतः श्रीमंतांची. तुतनखामेनच्या थडग्यातल्या कुंभांवर राजवटीचे वर्ष, मळा, मद्यकाराचे नाव, सारे लिहिलेले आहे. तेव्हा इजिप्तमध्ये द्राक्षवेलीच नाहीत, हे हिरोडोटसचे विधान वाचकांनी खुशाल सोडून द्यावे. – संपा.