पालकांचे आधारगट : सभागृहातून पडद्यावर

मालवण तालुक्यातील आचरा हे वाड्यावाड्यांत विखुरलेले, समुद्रकाठचे गाव. अशा गावात सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेले मूल एखाद्याच घरी असू शकते. त्याच्या आईवडिलांना सहानुभूती मिळते. मात्र त्याच वाटेने गेलेला पालक शेजारी असतोच असे नाही. ही उणीव भरून काढतो तो पालकांचा आधारगट.

अनुभवी पालकाने नव्या पालकाला हात द्यावा, या कल्पनेला १९७१ मध्ये अमेरिकेतील ओमाहा येथे ‘पायलट पेरेंट्स’ उपक्रमाने संघटित रूप दिले. भारतात पालक संघटनांचा ‘परिवार’ हा महासंघ १९९५ मध्ये उभा राहिला. दुरून आधार देणेही नवे नाही. लॉस एंजेलिसच्या जॉन ट्रेसी क्लिनिकने कर्णबधिर मुलांच्या पालकांसाठी १९४३ मध्येच टपालाने पाठ पाठविण्यास आरंभ केला होता. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेक गटांच्या बैठका व्हिडिओ कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या.

कोकणाला या बदलाचा विशेष लाभ होऊ शकतो. मूल कोणाकडे सोपवायचे, या प्रश्नामुळे आईला दूरच्या बैठकीस जाता येत नाही. नोकरीसाठी मुंबईत राहणारा पिता तर बहुधा बाहेरच राहतो. पडद्यावर दोघेही एकाच बैठकीत बसू शकतात. दुर्मीळ विकार असलेल्या मुलाच्या पालकांना समदुःखी कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यातही सापडते. ‘निरामय’ आरोग्य विमा, किंवा मूल अठरा वर्षांचे झाल्यावर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये पालकत्वासाठी करावयाचा अर्ज, याची माहिती अनुभवी पालकाकडून घरबसल्या मिळते.

तथापि, सभागृहात मिळणारा एकांत घरात मिळत नाही. सासूसासऱ्यांसमोर, घरातील एकुलत्या मोबाइलवर आई मनातले बोलेलच असे नाही. म्हणून गट लहान असावा, वेळ आईच्या सोयीची असावी आणि चेहरा न दाखवता किंवा केवळ लिहून सहभागी होण्याची मुभा असावी. मुलांची छायाचित्रे व प्रमाणपत्रे गटात टाकू नयेत. खात्रीशीर उपचारांच्या जाहिरातींना तेथे थारा नसावा. स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे.

आधारगट हा उपचारांना पर्याय नव्हे. स्नायूंचे व्यायाम तज्ज्ञांच्या हातूनच शिकावे लागतात. शिवाय रेंज आणि वीज दोन्ही बेभरवशाची असलेल्या पावसाळ्यात फोनवरील साधे संभाषणच कामी येते. मे महिन्याच्या सुटीत चाकरमानी गावी येतात, तेव्हा तरी प्रत्यक्ष भेट ठेवावी. एकदा समोरासमोर बसलेल्या आईला पुढे रात्री-अपरात्री फोन करण्याचा संकोच वाटत नाही.