मौनाचा हक्क



पोलिसांनीं धरलेल्या माणसाला गप्प राहण्याचा हक्क असावा, हें ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आंठी पडते. निर्दोष आहे तर बोलत कां नाहीं, असें आपण सहज म्हणतों. एके काळीं मीहि तसेंच म्हणत असें. भिगवणला येऊन राहण्यापूर्वीं मी एका शाळेंत शिक्षक होतों. वर्गांतील सहलीचे पैसे नाहींसे झाले. एका मुलावर माझा संशय गेला; विचारलें तर तो बोलेना. त्याचें मौन हाच पुरावा समजून मीं छडी उचलली. चौथ्या छडीला त्यानें चोरी कबूल केली. दुसऱ्या दिवशीं पैसे माझ्याच हजेरीपटाच्या पुठ्ठ्यांत सांपडले! "मग कबूल कां झालास?" असें विचारतां तो म्हणाला, "छडी थांबावी म्हणून, गुरुजी."

माझ्या हातून घडलें तेंच मोठमोठ्या राज्यांतूनहि घडलें आहे. पेशवाईंत दाट संशय असल्यास कबुलीसाठीं फटके मारीत, असें एल्फिन्स्टनच्या 1819 च्या अहवालांत नमूद आहे. कंपनी सरकारच्या अमलांतहि छळ थांबला नाहीं. मद्रास इलाख्यांत नेमलेल्या चौकशी मंडळानें 1855 सालीं पोलीस व महसूल खात्यांतील छळाचे प्रकार उघड केले. म्हणून 1861 च्या फौजदारी कायद्यांत, पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाहीं, असें ठरलें. तोच नियम 1872 च्या पुराव्याच्या कायद्यांत आला. त्या कायद्याचा कर्ता स्टीफन. छळाच्या मुळाशीं क्रौर्यापेक्षां आळसच अधिक असतो, असें एका अनुभवी अधिकाऱ्याचें मत त्यानें पुढें नोंदविलें आहे : उन्हांत पुरावा शोधीत हिंडण्यापेक्षां सावलींत बसून कोणाच्या डोळ्यांत मिरची चोळणें सोपें!

डॉक्टर आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीनें हें तत्त्व घटनेंतच घातलें. विसाव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणें कोणाहि आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करतां येत नाहीं. 26 जानेवारी 1950 पासून हा मूलभूत हक्क झाला.

मात्र हा हक्क अमर्याद नव्हे. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनीं 1961 सालीं ठरविलें, कीं बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना घेणें म्हणजे साक्षीची सक्ती नव्हे. उलट, 1978 च्या नंदिनी सत्पथी खटल्यांत हा हक्क पोलिसांच्या चौकशींतहि लागू असल्याचें ठरलें. सक्तीनें औषध टोंचून माणसाला बोलतें करणें 2010 सालीं घटनाबाह्य ठरलें. 1 जुलै 2024 पासून पुराव्याचा नवा कायदा आला. त्यांतहि पोलिसांपुढील कबुली अग्राह्यच आहे. कोठडींतील आरोपीनें दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तु सांपडली, तर तेवढ्याच माहितीचा अपवाद आहे.

या तत्त्वाची कसोटी आपल्या मुंबईंतच लागली. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यांत जिवंत पकडलेल्या कसाबची कबुली पोलिसांपुढें नव्हे, तर फेब्रुवारी 2009 मध्यें मॅजिस्ट्रेटपुढें नोंदविली गेली. कबुली देण्यास तूं बांधलेला नाहींस, असें त्याला बजावून विचारास अवधि दिला गेला. 2012 सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती स्वेच्छेची मानली आणि फांशीची शिक्षा कायम केली. साऱ्या देशाचा संताप ज्याच्यावर होता, त्यालाहि हा हक्क नाकारला गेला नाहीं. म्हणूनच तो निकाल भक्कम झाला.

अटकेचें कारण समजणें, वकिलाचा सल्ला घेणें आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें जाणें, हेहि बाविसाव्या कलमानें दिलेले हक्क आहेत. घरांतील मुलांना ते अवश्य सांगावेत. गप्प राहणारा प्रत्येक जण निर्दोष असतो असें नव्हे. पण गुन्हा शाबीत करण्याचा भार आरोप करणाराचा आहे. त्या दिवशीं तो भार माझा होता, आणि मीं तो एका लहान मुलाच्या तळहातावर टाकला.