कोलशेतची खाडी आणि कल्याणचे दायक

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील ऐतिहासिक वास्तूंची यादी कोणीही करावयास घेतली तरी ती जवळजवळ एकाच क्रमाने उतरते. अंबरनाथचे शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे शिवमंदिर, ठाण्याचे कोपिनेश्वर, पोर्तुगिजांनी बांधावयास घेतलेला आणि आज मध्यवर्ती कारागृह म्हणून वापरात असलेला किल्ला, कल्याणचा दुर्गाडी, घोडबंदरचा कोट, बेने इस्रायल बांधवांचे १८७९ चे प्रार्थनामंदिर, आणि अर्थातच १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी जेथे येऊन थांबली ते ठाणे स्थानक. ही यादी खोटी नाही. परंतु तिच्यातील सर्वांत जुनी उभी वास्तू अकराव्या शतकातील आहे, आणि कल्याणचे नाव तर त्यापूर्वी सहस्र वर्षे शिलालेखांत कोरले गेले होते. मधल्या एवढ्या मोठ्या कालखंडात येथे कोण राहत होते, ते काय बांधीत होते आणि कशासाठी बांधीत होते, याविषयी यादी मौन पाळते. हे मौन आम्हां बौद्धांच्या दृष्टीने साधे नाही.

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी आम्ही कोलशेतची जागा निवडली आहे. कोलशेत हे ठाण्याच्या उत्तरेस खाडीकाठी वसलेले जुने गाव. येथे लेणे नाही, स्तूप नाही, कोणत्याही वारसा-यादीत मानाने नोंदवावी अशी प्राचीन इमारत नाही. स्वातंत्र्योत्तर काळात येथे रासायनिक कारखाने आले, वायुदलाचे ठाणे आले. पुढे कारखाने हलले आणि त्यांच्या जमिनींवर निवासी मनोरे उभे राहिले. रेतीबंदर मात्र नावाने अजून टिकून आहे. मग कोलशेतच का? कारण नकाशा. कल्याणवरून खाली येणारी उल्हास नदी ठाण्याच्या ईशान्येस पोहोचली की तिच्या पाण्याला दोन वाटा फुटतात. एक दक्षिणेकडे ठाण्याच्या खाडीत उतरते. दुसरी, मोठी, कोलशेतच्या अंगाने वळून गायमुख, घोडबंदर करीत वसईजवळ समुद्रास मिळते. पूर्वेस सुमारे पंधरा किलोमीटरांवर कल्याण. वायव्येस याच पाण्याच्या मुखापलीकडे सोपारा, म्हणजे पालि वाङ्मयातील सुप्पारक. आणि पश्चिमेस येऊरच्या डोंगरापलीकडे, सरळ रेषेत दहा किलोमीटरांच्या आत, कान्हेरी. अपरान्तातील बौद्ध जीवनाची ही तीन केंद्रे ज्या पाण्याने जोडलेली होती त्या पाण्याच्या काठावर कोलशेत उभे आहे. बंदरांच्या त्या युगात कल्याणहून सोपाऱ्यास जाणारा माल आणि माणूस याच ओघाने जाणे स्वाभाविक होते.

गावाच्या नावावरून इतिहास काढण्याचा मोह मात्र आवरावा असे आम्हांस वाटते. आपल्यातील काही उत्साही लेखक प्रत्येक ग्रामनामात एखादा पालि शब्द शोधतात. बोरिवलीजवळच्या मागाठाण्याविषयी असे म्हणता येते, कारण कान्हेरीच्या शिलालेखात भिक्खुसंघास दिलेल्या शेताच्या संदर्भात ‘मंगलठाण’ हे गाव प्रत्यक्ष कोरलेले आहे. कोलशेतसाठी तसा लेख नाही. लेखाशिवाय व्युत्पत्ती म्हणजे पाण्यावरची रेघ.

सोपाऱ्याची कथा आपल्या वाचकांस ठाऊक आहे, तरी तिच्यातील दोन गोष्टींकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील टेकाड खणले. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यात दगडी पेटी, तीत एकात एक ठेवलेले करंडक, सुवर्णपुष्पे, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि मैत्रेयासह आठ बुद्धांच्या धातुमूर्ती. या अवशेषांचे जतन मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने केले. परंतु खणण्यापूर्वी त्या टेकाडास गावकरी काय म्हणत असत? ‘बुरूड राजाचा कोट’. स्तूप विस्मृतीत गेला, संघ विस्मृतीत गेला, तथागतांचे नावही विस्मृतीत गेले. पण हे टेकाड कोणा ब्राह्मणाचे वा क्षत्रियाचे नसून टोपल्या विणणाऱ्या एका राजाचे आहे, एवढे लोकस्मृतीने घट्ट धरून ठेवले. यावरून बुरूड जातीचा राजा झाला होता असे आम्ही म्हणत नाही. लोकस्मृती कोणत्या समाजाच्या पदरात पडून राहिली, एवढेच त्यातून दिसते.

दुसरी गोष्ट सम्राट अशोकाच्या लेखांची. सोपाऱ्यास त्याच १८८२ साली आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात मिळाला तो १९५६ साली, म्हणजे ज्या वर्षी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी. आम्ही यात चमत्कार पाहत नाही. तो योगायोग आहे. पण नववा लेख कशाविषयी आहे हे लक्षात घ्यावे. विवाहात, आजारपणात, प्रवासास निघताना लोक जी नाना मंगलकृत्ये करतात त्यांचे फळ अल्प, असे सांगून सम्राट धम्ममंगलाचा उपदेश करतो, आणि त्या धम्ममंगलात प्रथम येते ती दास आणि सेवक यांच्याशी योग्य वागणूक. हा आदेश ठाणे-वसईच्या या किनाऱ्यावर, बंदरातील हमाल, खलाशी आणि दास जेथे वावरत असत तेथे, दगडावर लिहिला गेला होता.

आता कान्हेरीकडे वळू. लेण्यांची संख्या शंभरावर, आणि शिलालेखही पुष्कळ. पर्यटक चैत्यगृहातील स्तंभ आणि भव्य बुद्धमूर्ती पाहून परततात. ज्यास पालि-प्राकृत वाचता येते त्याने पाण्याच्या टाक्यांपाशी थांबावे. तेथे कल्याणचा सोनार सामिदत्त आपल्या ‘पोढी’चे, म्हणजे पाण्याच्या टाक्याचे, दान नोंदवतो. कल्याणचाच लोहार नंद दुसऱ्या एका लेखात येतो. त्याचे दान वाटेचे. डोंगर चढणाऱ्या भिक्खूच्या पायाखालचा दगड नीट असावा, एवढीच त्याची इच्छा. याखेरीज श्रेष्ठी आहेत, गृहपती आहेत, भिक्खुणी आहेत. कल्याणच्या दायकांचे दातृत्व कान्हेरीपुरते मर्यादित नव्हते. घाट ओलांडून जुन्नरला जावे, तेथे आज ‘गणेश लेणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्याद्रीवरील चैत्यगृह ही कल्याणच्या हेरणिकपुत्र सुलसदत्ताची देणगी आहे आणि त्याच डोंगरावरील एक टाके कल्याणच्या संघक नावाच्या सोनाराचे. गणपतीच्या दर्शनास पायऱ्या चढून जाणाऱ्या भाविकांपैकी किती जणांस हे कोणी सांगितले असेल?

या लेखांची भाषा थोडक्यात आटोपणारी आहे. गाव, व्यवसाय, कधी पित्याचे नाव, दायकाचे नाव, दिलेली वस्तू आणि शेवटी ‘देयधम’. राजाची स्तुती बहुधा नाही, वर्णाचा उल्लेख सहसा नाही. सोनार आपला व्यवसाय सांगतो, लोहार आपला सांगतो, आणि दोघेही एकाच डोंगरावर, एकाच अक्षरवळणात नोंदले जातात. उत्तरकाळी ज्या समाजव्यवस्थेने कारागिरांच्या नावांस इतिहासात जागा ठेवली नाही, तिच्या तुलनेत हा दोन ओळींचा मजकूर किती मोठा आहे हे निराळे सांगावयास नको.

आणि कल्याणात काय उरले? कान्हेरीच्या चैत्यगृहाच्या ओसरीतील एका झिजलेल्या लेखात कल्याणच्या ‘अंबालिका विहारा’चा निर्देश आहे. कल्याण हे केवळ दायकांचे गाव नव्हते, तेथे स्वतःचा विहार होता, याचा हा पुरावा. आज त्या नावाने ओळखली जाणारी एकही वास्तू शहरात नाही. ग्रीक ‘पेरिप्लस’ या बंदराची नोंद करतो, सहाव्या शतकातील कॉस्मस तेथील पितळेच्या आणि लाकडाच्या व्यापाराविषयी लिहितो. बंदर एवढे नांदते होते, पण त्याच्या विहाराचा पत्ता आपणांस लागतो तो दुसऱ्या गावच्या डोंगरावर.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शिलाहार आले आणि बौद्ध धम्म संपला, असे सरळ चित्र रंगविले जाते. पुरावा तसा नाही. कान्हेरीतच नवव्या शतकातील लेख आहेत. राष्ट्रकूट अमोघवर्षाचे मांडलिक असलेल्या शिलाहार पुल्लशक्ति आणि कपर्दी यांच्या कारकिर्दीतील हे लेख भिक्खुसंघास दिलेल्या द्रम्मांच्या देणग्या नोंदवितात. त्यांतील एक दाता थेट गौड देशातून आलेला होता. ज्या घराण्याने पुढे अंबरनाथचे मंदिर उभारले, त्याच घराण्याच्या पूर्वजांच्या राज्यात कान्हेरीत चीवरे वाटली जात होती आणि ग्रंथ विकत घेतले जात होते. ऱ्हास झाला तो हळूहळू, आणि त्याची कारणे व्यापार, राजाश्रय व समाज या तिन्हींत शोधावी लागतील. शत्रू एकच ठरवून मोकळे होणे सोपे आहे. बाबासाहेबांनी इतिहास तसा वाचला नाही, संहितांशी झुंजून वाचला.

कल्याणच्या उत्तरेस भिवंडी तालुक्यात लोनाडचे लेणे आहे. साधारण पाचव्या-सहाव्या शतकातील हे बौद्ध लेणे. ओसरीच्या भिंतीवर शिल्पपट्ट, आत सभागृह. आज ते खांडेश्वरी देवीचे स्थान म्हणून ओळखले जाते. शेंदूर आणि पूजा यांमुळे लेणे टिकले असेही कोणी म्हणेल, आणि त्यात काही तथ्य आहे: पडीक लेण्यापेक्षा वापरातले लेणे कमी लुटले जाते. पण टिकणे आणि ओळखले जाणे या दोन निराळ्या गोष्टी होत. सोपाऱ्याच्या स्तूपास केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे आणि बुद्धपौर्णिमेस तेथे वंदना होते. लोनाडच्या शिल्पपट्टासमोर उभे राहणाऱ्यास तो बौद्ध आहे हे कळावयास आपणच काही केले पाहिजे.

हे सर्व प्राचीनाविषयी झाले. कोलशेत, बाळकुम, कळवा, मुंब्रा, उल्हासनगर, डोंबिवली या पट्ट्यात १९५६ नंतर आपल्या वस्त्यांनी जे विहार बांधले त्यांचे काय? पत्र्याच्या छपरापासून सुरुवात, मग चार भिंती, मग घुमट. ते श्रमदानातून उभे राहिले. गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि नगरपालिकेच्या झाडूखात्यात काम करणाऱ्यांनी पगारातून वर्गणी काढून ते बांधले. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार वास्तूस प्राचीन स्मारक म्हणण्यासाठी ती किमान शंभर वर्षे अस्तित्वात असावी लागते. म्हणजे धम्मदीक्षेच्या दुसऱ्याच वर्षी बांधलेला विहारसुद्धा २०५७ पूर्वी या व्याख्येत बसणार नाही. तोवर तो उभा असेल का? ठाण्यात समूह विकासाच्या योजना आखल्या जात आहेत. वस्त्यांच्या जागी इमारती येतील, आणि रहिवाशांस पक्की घरे मिळत असतील तर ती मिळालीच पाहिजेत. विहारासही नव्या इमारतीत तळमजल्यावर जागा मिळेल, बहुधा अधिक प्रशस्त. जुनी भिंत मात्र जाईल. २५ जून २०१६ रोजी दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण छापखान्याची वास्तू पहाटेपूर्वीच पाडली गेली. बाबासाहेबांच्या नावाशी थेट जोडलेल्या वास्तूची ही गत, तर खाडीकाठच्या एखाद्या बिननावाच्या विहाराची दखल कोण घेणार?

जुन्या भिंतीत एक संगमरवरी फरशी बसविलेली असते. तीवर नावे असतात: अमुक यांजकडून १०१ रुपये, अमुक यांच्या स्मरणार्थ पंखा, महिला मंडळाकडून बुद्धमूर्ती, कधी नावापुढे मूळ गाव, तालुका, जिल्हा. रत्नागिरी, सातारा, बुलढाणा, अकोला. आम्हांस ही फरशी आणि कान्हेरीच्या टाक्यावरील सामिदत्ताचा लेख यांत प्रकारभेद दिसत नाही. दायक, गाव, वस्तू: घटक तेच. फरक एवढाच की सामिदत्ताची अक्षरे डोंगरात कोरलेली आहेत आणि ही फरशी पहारीच्या एका घावाने फुटते. पाडकामाच्या राडारोड्याबरोबर ती गेली की कोणत्या जिल्ह्यातून कोण या शहरात आले आणि त्यांनी पहिल्या पगारातून काय दिले, हे सांगणारा एकमेव लेख गेला.

म्हणून आमची विनंती प्रथम वाचनाची आहे, वारसा-दर्जा मिळविण्याची चळवळ त्यानंतर. ज्या विहाराचे पुनर्बांधणीचे ठरले असेल तेथील उपासकांनी काम सुरू होण्यापूर्वी फरशीची नक्कल उतरवावी आणि शक्य तर फरशी सोडवून नव्या विहारात बसवावी. वर रंग वा चुना चढला असेल तर खरवडू नये; अंधार करून बाजूने बॅटरीचा तिरका उजेड टाकला की बुजलेली अक्षरेही उठून दिसतात. छायाचित्र घ्यावे, पण हाताने लिहिलेली नक्कलही ठेवावी, कारण लिहिताना डोळा थांबतो. कोपऱ्यात गवंड्याचे नाव असेल तर तेही सोडू नये. आणि नावे जशी कोरली आहेत तशीच लिहावीत, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले दिसले तरी. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे नाव एके ठिकाणी ‘कलियण’ असे येते आणि दुसऱ्या ठिकाणी ‘कलिअण’. त्या काळी लोक ते कसे उच्चारीत होते हे आपणांस त्यावरूनच कळते.