मेरठचे सोने आणि कॉमन लॉ

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले, तेव्हा पूर्व पंजाबचे उच्च न्यायालय प्रथम सिमल्यात भरू लागले आणि १९५५ मध्ये चंडीगडला आले. ल कॉर्ब्यूझिए यांनी रचलेली त्याची इमारत पाहण्यास अनेक मराठी प्रवासी येतात. वास्तू नवी असली, तरी आतील न्यायपद्धती इंग्रजांकडून आलेल्या कॉमन लॉची आहे. तीत कायद्याच्या कलमाप्रमाणेच वरिष्ठ न्यायालयाचा पूर्वीचा निकालही बंधनकारक असतो. याचा सामान्य नागरिकाला काय अनुभव येतो, हे समजण्यासाठी पंजाबमधीलच एका पेढीचे प्रकरण मला फार बोलके वाटते.

अमृतसरच्या एका पेढीचे भागीदार रलियाराम २० सप्टेंबर १९४७ रोजी सोने-चांदी विकण्यासाठी मेरठला गेले. पोलिसांनी संशयावरून त्यांना अटक करून माल जप्त केला. दुसऱ्या दिवशी ते जामिनावर सुटले. पुढे चांदी परत मिळाली. १०३ तोळ्यांहून अधिक सोने मात्र मिळाले नाही. ते सरकारी खजिन्यात न ठेवता पोलिसांच्या मालखान्यात ठेवले होते आणि तेथील हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला.

पोलिसांचा हलगर्जीपणा सिद्ध झाला. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर १९६४ रोजी पेढीचा दावा फेटाळला. निकाल लिहिला होता सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. अटक आणि जप्ती हे राज्याचे सार्वभौम अधिकार. त्यांच्या वापरात झालेल्या चुकीची भरपाई मागता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. आधार होता कलकत्त्याच्या १८६१ मधील एका निकालाचा. सरकारी गोदीतील कामगारांमुळे जखमी झालेल्या घोड्याच्या त्या खटल्यात सरकारच्या सार्वभौम आणि इतर कामांत भेद केला गेला होता. आश्चर्य असे की, खुद्द इंग्लंडने राजसत्तेचे हे संरक्षण १९४७ मध्येच कायद्याने बव्हंशी काढून टाकले होते. ही स्थिती समाधानकारक नाही, विधिमंडळाने कायदा करावा, असे गजेंद्रगडकरांनीही नमूद केले. विधी आयोगाने १९५६ मध्ये हेच सुचवले होते. असा सर्वंकष कायदा आजही झालेला नाही.

वाट निघाली ती पुन्हा निकालांतूनच. बिहारचे रुदल साह १९६८ मध्ये निर्दोष ठरूनही १९८२ पर्यंत तुरुंगात राहिले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने १९८३ मध्ये, रिट अर्जावरच, त्यांना एकूण ३५,००० रुपये देवविले. ओडिशाच्या नीलावती बेहेरा यांचा मुलगा पोलीस कोठडीत दगावला. त्यांचे साधे पत्रच न्यायालयाने अर्ज मानले. मूलभूत हक्कांचा भंग झाल्यास सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही, असे १९९३ मध्ये ठरले. आता चंडीगडचे उच्च न्यायालयही अशी भरपाई देऊ शकते.

रलियारामांच्या पेढीला याचा काहीच उपयोग झाला नाही. या पद्धतीत दुरुस्ती होते, पण ती पुढच्या अर्जदारासाठी. म्हणून वकिलाकडे गेल्यावर 'कलम कोणते?' एवढेच न विचारता 'यावरचा अलीकडचा निकाल काय सांगतो?' हेही विचारावे. आणि आपण सरकारी नोकरांनी जप्त मालाची नोंद आणि राखण नीट करावी. ते सोने खजिन्यात ठेवले असते, तर हा खटला उभाच राहिला नसता.