तळटीप : ‘काँक’

३. काँक : काळ्या अमेरिकी पुरुषांची केस सरळ करण्याची जुनी पद्धत. मूळ शब्द तसाच ठेवला आहे. ‘सरळ केलेले केस’ म्हटले की आजच्या वाचकाला पार्लरची गादीची खुर्ची आठवेल. इथे प्रकरण वेगळे होते. कॉस्टिक सोडा, अंडी आणि बटाटे घोटून केलेला हा लगदा ‘काँगोलीन’ म्हणून ओळखला जाई. डोक्याला, मानेला, कानांना आधी व्हॅसलीन चोपडायचे. लावणाऱ्याच्या हातात रबरी मोजे. आग असह्य झाली की डोके नळाखाली. धुण्यात कसर राहिली तर कातडी भाजे. माल्कम एक्स यांच्या आत्मचरित्रात (१९६५) पहिल्या काँकनंतर आरशात पाहून झालेला आनंद आहे आणि त्याच आनंदाची पुढे वाटलेली शरमही. तरीही ‘गोऱ्यांची नक्कल’ एवढ्यावर हा विषय मिटवणे मला घाईचे वाटते. चक बेरी, जेम्स ब्राउन यांच्या डोक्यावर तीच ऐट होती. १९६२मध्ये हार्लेममध्ये नैसर्गिक केसांच्या काळ्या मॉडेल रंगमंचावर आल्या, त्यानंतर काही वर्षांत वारे फिरले. सातव्या प्रकरणात मुलाच्या आफ्रोवरून बापलेकांत होणारी खडाजंगी या संदर्भात वाचावी. बापाने टाळू भाजून घेतली होती. — संपा.