मॅग्नेशियमचा पत्रा

हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ साली मॅग्नेशियम वेगळे केले. ॲल्युमिनियमच्या साधारण दोनतृतीयांश वजनाचा हा धातू, पण त्याचे मोठे पत्रे निघायला शंभर वर्षे कमी पडली. गार असताना तो लाटून घेत नाही, हीच सगळी अडचण.

१८६०च्या दशकात मँचेस्टरला छायाचित्रकारांसाठी मॅग्नेशियमची जळती फीत निघू लागली. त्यासाठी धातू तापवूनच छिद्रातून दाबून तार काढत आणि मग ती चपटी करत. धातू तापवावा लागतो, एवढे कारागिरांना कामातूनच उमगले होते. कारण कळायला मात्र १९३०चे दशक उजाडावे लागले.

मॅग्नेशियमचे अणू षट्कोनी मांडणीत थरावर थर बसलेले असतात. गार धातूत हे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून सरकतात, पण आडवेच. पत्रा पातळ व्हायचा तर स्फटिक जाडीच्या दिशेनेही दबायला हवा. ते न जमल्याने स्फटिकात दिशा पालटलेले जुळे पट्टे उमटतात, ताण ठरावीक जागी साचतो आणि रुळांतून बाहेर पडताना पत्र्याच्या कडा तडकतात. भौतिकशास्त्रज्ञ एरिख श्मिड यांना एकस्फटिकांवरील प्रयोगांत दिसले, की सुमारे २२५ अंश सेल्सिअसच्या पुढे तिरप्या प्रतलांवरही घसरण सुरू होते. माझ्या मते या पत्र्याच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा आकडा हाच.

तीन टक्के ॲल्युमिनियम आणि एक टक्का जस्त असलेला एझेड-३१ हा मिश्रधातू ३०० अंशांच्या आसपास लाटावा आणि त्याचा तुकडा घासून, आम्लाची क्रिया करून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. जुन्या मोठ्या कणांच्या कडेकडेने काही मायक्रॉनचे नवे कण दाटलेले दिसतात. लाटणे चालू असतानाच ते जन्मलेले असतात. ४०० अंशांकडे गेले, की नवे कण पत्राभर पसरतात, पण मोठेही होतात, आणि कण मोठे झाले की पत्र्याची ताकद उतरते.

उष्णतेने एक दुखणे मात्र जात नाही. बहुतेक कणांचे थर पत्र्याला समांतर आडवे होतात, म्हणून तयार पत्राही गार असताना खोल आकार घेत नाही. सिरियमसारखी दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये किंवा कॅल्शियम थोडे मिसळले, तर ही शिस्त सैलावते.

अमेरिकेच्या बी-३६ बॉम्बफेकी विमानाच्या आवरणात मॅग्नेशियमचे पत्रे होते. मोटारीत ते आजही क्वचित दिसतात. पातळ पत्रा रुळांना टेकताच निवतो आणि पुन्हा पुन्हा भट्टीत घालावा लागतो. त्याची किंमत चढते ती मुख्यतः तिथेच.