जुन्या स्पोर्ट्स कारमधला ‘लूज कॉन्टॅक्ट’ कसा शोधावा

गाडी मेकॅनिककडे नेली की ठीक चालते, घरी आणली की पुन्हा तेच. जुन्या गाडीतल्या विजेच्या दोषाचा हा ठरलेला स्वभाव आहे. कायमचा विझलेला दिवा शोधायला सोपा असतो. कधी लागणारा, कधी विझणारा दिवा मात्र पैसे आणि धीर दोन्ही खातो. आपल्या समाजातील दोन-तीन घरांत मुलांनी हौसेने जुन्या दोन सीटच्या गाड्या घेतल्या आहेत. गणेशोत्सवात त्यावर बरेच बोलणे झाले आणि हे लिहून ठेवावे असे ठरले, म्हणून हा लेख. मी मेकॅनिक नाही, बी.कॉम. झालो आणि आयुष्य बँकेत गेले. पण न जुळणारा ट्रायल बॅलन्स जुळवणे आणि असा दोष शोधणे ही मला एकाच जातीची कामे वाटतात. दोन्हीकडे अंदाजाने खोडाखोड केली की घोळ वाढतो.

भारतात स्पोर्ट्स कार फार थोड्या बनल्या. त्यांतली आपल्याला जवळची म्हणजे सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली ही उघड्या टपाची छोटी गाडी. इंजिन रेनोचे ११४९ सीसीचे आणि बॉडी फायबरग्लासची. फायबरची बॉडी म्हणजे हलक्या गाडीचा जुनाच उपाय. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेटने १९५३ मध्ये आणि इंग्लंडात लोटस एलानने १९६२ मध्ये तोच वापरला. या बॉडीला गंज लागत नाही, हा मोठा फायदा. मात्र विजेच्या दृष्टीने तिची एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अर्थिंग : परतीची वाट

साध्या पत्र्याच्या गाडीत बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्यापर्यंत वायर जाते आणि परतीची वाट म्हणून गाडीचा पत्राच वापरला जातो. दिव्याची काळी वायर जवळच्या पत्र्याला बोल्टने कसली की काम झाले. फायबरमधून वीज जात नाही. म्हणून अशा गाडीत प्रत्येक दिवा, पंखा, मोटर यांची परतीची वायर वेगळी ओढून चासीपर्यंत आणावी लागते आणि अनेक वायरी एकाच बोल्टवर जमतात. तो एक बोल्ट ढिला झाला, त्याखाली रंग किंवा गंज बसला, की पाच-सहा गोष्टी एकदम वेड्यासारख्या वागू लागतात. पाहणाऱ्याला वाटते, गाडीत पाच-सहा दोष आहेत.

याच्या खुणा ओळखता येतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो किंवा पार्किंगचा दिवा अर्धवट पेटतो, तर मागच्या दिव्याचे अर्थिंग गेले आहे. वीज परतीसाठी दुसऱ्या बल्बमधून वाट काढते आहे. हेडलाइट लावताच तापमानाचा काटा वर सरकतो, तर इंजिन तापलेले नसून डॅशबोर्डचे अर्थिंग कच्चे असण्याची शक्यता जास्त. इंडिकेटर एका बाजूला भराभर लुकलुकतो, तर त्या बाजूचा एखादा बल्ब तरी गेला आहे किंवा त्याच्या होल्डरमध्ये कॉन्टॅक्ट नाही.

मुंबई, कोकण किंवा गोव्याकडून आलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी. समुद्राच्या खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा थर चढतो आणि तो प्लास्टिकच्या आत वायरभर पसरतो. बाहेरून वायर नवीकोरी दिसते, टोक कापले की आत हिरवी भुकटी. आपल्याकडे माळव्यात हा त्रास कमी, पण उंदरांचा जास्त. पावसाळ्यात महिनाभर झाकून ठेवलेली गाडी त्यांना घरासारखीच वाटते.

आधी वही, मग पाना

दोष दिसताच बॅटरी बदल, मग डायनॅमो बदल (अल्टरनेटरला आपल्याकडे अजून डायनॅमोच म्हणतात), मग रिले बदल, हा रस्ता महागाचा आहे. त्याआधी पंधरा-वीस दिवस एक वही गाडीत ठेवावी. दोष आला की तारीख, वेळ, इंजिन गार होते की तापलेले, पाऊस होता का, गाडी नुकतीच धुतली होती का, कोणकोणते दिवे आणि पंखे चालू होते, खड्डा आला होता का, वळण डावे की उजवे, हे सगळे लिहावे. दोष आला नाही तो दिवसही लिहावा; तोही पुरावाच असतो. बँकेत फरकाच्या रकमेला नऊने भाग गेला की आम्ही आधी उलटे पडलेले आकडे शोधायचो. इथेही नोंदींतून तसाच काही आकार दिसू लागतो. फक्त पावसात येणारा दोष कपलरमध्ये पाणी शिरल्याचा. फक्त खड्ड्यात येणारा, ढिल्या जोडाचा. इंजिन तापल्यावर बंद पडते आणि वीस मिनिटांनी काही न करता चालू होते, तर क्रँक सेन्सर किंवा पेट्रोल पंपाचा रिले यांच्यावर संशय घ्यावा. अशा वेळी गाडी गिअरमध्ये घरंगळत असताना आरपीएमचा काटा पाहावा. काटा एकदम शून्यावर पडला तर बिघाड सेन्सरच्या किंवा इग्निशनच्या बाजूला. काटा हळूहळू उतरला तर पेट्रोलच्या बाजूला पाहावे.

अलीकडच्या गाड्यांत स्कॅनर लावून कोड वाचता येतो. पण आपल्याकडे ही सोय २०१० नंतर हळूहळू सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत स्कॅनरवर भिस्त ठेवू नये. आणि कोड सेन्सरचा आला म्हणून सेन्सरच खराब असतो असेही नाही. सेन्सरकडे जाणारी वायर तुटकी असली तरी कोड तोच येतो.

माझ्या भाच्याची गाडी

माझा भाचा इंदूरला असतो. त्याने मुंबईहून फायबर बॉडीची एक दोन सीटची गाडी आणली. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. वर्षभरात त्याने दोन बॅटऱ्या आणि एक डायनॅमो बदलला. तरी रात्री हेडलाइट मंदावत, कधी सेल्फ मारला की नुसती टिकटिक. एका रात्री उज्जैनहून परतताना सांवेरच्या आसपास दिवे मंदावत गेले आणि इंजिनही बंद पडले. मागून ट्रक येत होता. गाडी कशीबशी कडेला घेतली म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, “मामा, विकून टाकतो आता.” मी म्हटले, “विक, पण आधी पंधरा दिवस लिहून काढ.”

त्याच्या वहीत अकरा नोंदी झाल्या. नऊ वेळा रेडिएटरचा पंखा आणि हेडलाइट दोन्ही चालू होते. शिवाय एका कोपऱ्यात त्याने सहज लिहिले होते की ऍक्सिलरेटरची केबल पुन्हा जड झाली, ही तिसरी. ती नोंद मला खटकली. विजेच्या वहीत केबलचे काय काम? पण काम होते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने चासीपासून तुटलेले. दोघांना जोडणारी एक जाड पट्टी असते. ती निकामी झाली की सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट परतीसाठी मिळेल ती वाट धरतो, आणि इंजिनपासून बॉडीकडे जाणारी धातूची वाट म्हणजे ऍक्सिलरेटर किंवा क्लचची केबल. ती आतून तापते, तिचे आवरण वितळते आणि ती जड होते. डायनॅमोचा परतीचा मार्गही त्याच पट्टीतून जातो, म्हणून बॅटरी नीट चार्ज होत नव्हती आणि पंखा-दिवे एकदम लागले की सगळेच कोलमडत होते.

पट्टी वरून चांगली दिसत होती. थिंबलाच्या आत मात्र दोन-चार तारा सोडल्या तर सगळी हिरवी भुकटी. नवी पट्टी तीनशे रुपयांच्या आत आली.

मीटर कसा लावावा

पाचशे ते हजार रुपयांचा साधा मल्टिमीटर पुरतो. आधी बॅटरी पाहावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवे. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये.

यानंतरची परीक्षा बरेच लोक चुकतात. ते गाडी बंद ठेवून वायरचा ओहम मोजतात, शून्य आला की वायर चांगली म्हणतात. वीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटर जवळजवळ शून्यच दाखवतो, कारण तो त्या वायरीतून नखभर करंट पाठवतो. ५५ वॉटचा हेडलाइट साडेचार अँपिअर ओढतो. जोडात फक्त अर्धा ओहम असला तरी दोन व्होल्टच्या आसपास तिथेच जळून जातात. व्होल्टेज दहा टक्के पडले की हॅलोजनचा उजेड साधारण तीस टक्के पडतो, म्हणजे दोन व्होल्ट गेल्यावर काय उरते ते दिसतेच. म्हणून वायर काम करत असतानाच मोजायची.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवावी. क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि दुसऱ्याने सेल्फ मारावा. मीटर ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर परतीच्या वाटेत कुठेतरी गळती आहे. भाच्याच्या गाडीत १.८ आले होते. पट्टी बदलल्यावर ०.१. दिवा चालू ठेवून त्याच्या काळ्या वायरवर लाल पिन लावली तर ०.१ च्या आसपास यावे. आकडा मोठा आला की लाल पिन बॅटरीकडे एकेक जोड सरकवत आणावी. ज्या जोडापाशी आकडा एकदम पडतो, तो जोड गुन्हेगार. मीटर लावलेला असतानाच वायरिंग हलवून, एकेक वायर हळूच ओढून पाहावी. तापल्यावरच येणाऱ्या दोषासाठी हेअर ड्रायरने रिले गरम करावा. शेजारी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले असेल तर अदलाबदल करून पाहणे सर्वांत स्वस्त.

जोड साफ करताना आधी बॅटरीचे निगेटिव्ह काढावे. बोल्ट सोडून थिंबल आणि चासी दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करावे, दातेरी वॉशर घालून कसावे आणि मग वरून व्हॅसलीन लावावे. आधी व्हॅसलीन आणि मग कसणे हे उलटे काम आहे.

हौसेची गाडी आठवडाभर उभी असते आणि रविवारी सेल्फ घेत नाही, ही तक्रार वेगळी. निगेटिव्ह काढून मध्ये मीटर अँपिअरवर जोडावा, दारे बंद करून अर्धा तास थांबावे. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ४०० आले तर दिवसाला साडेनऊ अँपिअर-अवर गेले. ३५ च्या बॅटरीत तीन दिवसांनी काही उरत नाही. मग एकेक फ्यूज काढत जावे. ज्याने आकडा पडेल ते सर्किट. बहुतेक वेळा मागच्या मालकाने बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा अलार्म सापडतो, वायरी पिळून वर टेप गुंडाळलेली. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नये, मीटरचाच फ्यूज उडेल.

किल्ली, फ्यूज आणि काही मनाई

किल्लीला जड जुडगा लावू नये. ही आजीबाईची सूचना नाही. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने इग्निशन स्विचच्या दोषासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांत पॉन्टियॅक सॉल्स्टिस आणि सॅटर्न स्काय या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारही होत्या. जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने स्विच चालू गाडीत सरकत असे, इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसत. नुकसानभरपाईच्या योजनेत १२४ मृत्यू मान्य झाले. जुन्या गाडीचा झिजलेला स्विचही खड्ड्यात तसेच वागू शकतो. किल्ली हलकेच हलवून पाहिली की कळते.

फ्यूज उडतो म्हणून मोठा घालू नये. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. फ्यूज वायरचे रक्षण करतो. लालच्या जागी हिरवा घातला तर फ्यूजऐवजी वायर जळेल, आणि फायबरची बॉडी पेटते. चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून डायनॅमो तपासण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. कॉम्प्युटर असलेल्या गाडीवर ती कुणालाही करू देऊ नका, व्होल्टेजच्या उसळीने कॉम्प्युटर जाऊ शकतो. पिवळ्या कपलरना, म्हणजे एअरबॅगच्या वायरिंगला, टेस्ट लॅम्प लावू नये.

आणि रात्री इंदूर रोडवर दिवे मंदावू लागले तर पंखा, एसी, गाणी आधी बंद करावी, हेडलाइट लोवर आणावा, आणि इंजिन चालू आहे तोवरच ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या उजेडात गाडी घ्यावी. इंजिन बंद पडण्याची वाट पाहिली तर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात. त्रिकोणी रिफ्लेक्टर गाडीच्या मागे चाळीस-पन्नास पावलांवर ठेवून मग बॉनेट उघडावे.